सायलेन्सरवाला काडेन

आधीच सांगून टाकते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. मराठी घरात बोलतो, पण लिहायला बसलं की पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांच्यात माझी नेहमी केटी लागते. संपादक मंडळाने शुद्धलेखन तपासून द्यायचं कबूल केलं, म्हणून हे धाडस. आणि ज्याच्यावर लिहितेय तो माणूस माझ्या पणजोबांच्या वयाचा आहे. त्याला 'ते', 'यांनी' वगैरे लिहून पाहिलं, पण चारच ओळींत शोकसभेतलं भाषण वाटायला लागलं. म्हणून अरेतुरेच ठेवलंय. राग मानू नये.

सुरुवात आमच्या बाबांच्या आरएक्स १०० पासून. गाडी १९९४ ची. सेकंड इयरला खूप हट्ट करून मी ती साताऱ्याहून हॉस्टेलवर आणली. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मोजून चार मुली, त्यामुळे गाडीवर सल्ले देणारे भरपूर. त्यातल्या एकाने सांगितलं की सायलेन्सरमधली पुंगळी काढून टाक, गाडी उडेल. एका गॅरेजमध्ये वीस मिनिटांत काम झालं. आवाज असा झाला की रेक्टर मॅडम खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. मी खूश! पुढच्या शनिवारी घरी निघाले आणि खंबाटकीच्या चढावर गाडीने मान टाकली. आवाज वाघाचा आणि ओढ शेळीची. शेजारून एक काका-काकू स्कूटरवर डबलसीट, मध्ये भाजीची पिशवी, शांतपणे पुढे निघून गेले.

बाबांना गल्लीच्या तोंडापासूनच आवाज कळला असणार. रागावले नाहीत. जेवताना फक्त एवढंच विचारलं की ती नळी कंपनीने आत कशासाठी घातली होती. आयसी इंजिन्समध्ये मला चांगले मार्क आहेत, तरी उत्तर येईना. सायलेन्सर म्हणजे आवाज कमी करायचा डबा, एवढंच मला माहीत. सोमवारी येऊन लायब्ररी धरली, रात्री नेटवर बसले, आणि सगळे रस्ते फिरून फिरून एकाच गावात जायला लागले. पूर्व जर्मनीतलं चोपाऊ. तिथल्या एमझेड कारखान्याच्या रेसिंग विभागाचा प्रमुख वाल्टर काडेन.

जन्म १ सप्टेंबर १९१९, सॅक्सनीतलं पोबरशाऊ. वडील डीकेडब्ल्यू कंपनीच्या विक्रीप्रमुखाचे ड्रायव्हर. हे डीकेडब्ल्यू म्हणजे त्या काळातलं मोटरसायकलींचं केवढं तरी मोठं नाव, कारखाना चोपाऊलाच. १९२७ मध्ये न्युर्बुर्गरिंगचा रेस ट्रॅक सुरू झाला तेव्हा सात-आठ वर्षांचा वाल्टर तिथे हजर होता. पुढे केम्नित्सला इंजिनीअरिंग शिकला.

१९४० मध्ये तो हेन्शेल या विमान कंपनीत लागला. हा भाग पटकन उरकावासा वाटतो, पण उरकू नये. त्याचं काम होतं हर्बर्ट वाग्नर याच्या हाताखाली, एचएस २९३ या बॉम्बवर. विमानातून सोडायचा आणि रेडिओने जहाजावर नेऊन आदळायचा, असा तो बॉम्ब. पुष्कळ ठिकाणी त्याला व्ही-२ रॉकेटवाला म्हणून रंगवतात, ते तसं नव्हे. पण याही बॉम्बने माणसं मारलीच. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश नौदलाचं एग्रेट हे जहाज त्यानेच बुडालं. पुढे याच माणसाच्या डोक्याचं कौतुक करायचं आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

युद्ध संपलं. काही काळ अमेरिकनांच्या कैदेत राहून काडेन घरी आला. चोपाऊ रशियनांच्या ताब्यात होतं. कारखान्यातली मशिनं उचलून नेलेली. डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ या गाडीची ड्रॉइंग्ज तर जेत्यांना खिरापतीसारखी मिळाली. त्यातून इंग्लंडमध्ये बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्लेची छोटी गाडी झाली, आणि १९५५ मधली यामाहाची पहिली मोटरसायकलसुद्धा त्याच आरटीवरून बेतलेली. मूळ गावात मात्र हाताला काम नाही. काडेनने लाकडाचा धंदा काढला. बॉम्बिंगमध्ये मोडलेल्या घरांची छपरं दुरुस्त करायची. आणि उरलेल्या वेळात एक आरटी १२५ घेऊन तिची रेसची गाडी बनवायची. त्याच्या गाड्या इतक्या पळाल्या की १९५३ मध्ये सरकारी कारखान्याने त्याला बोलावून रेसिंग विभाग त्याच्या हातात दिला. विभाग म्हणजे मूठभर माणसं आणि जेमतेम पैसा.

आता थोडं इंजिनाबद्दल. सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी हा भाग गाळला तरी चालेल, पण गाळू नका, मजा आहे.

टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला पोर्ट असतात, म्हणजे सरळ भोकं. पिस्टन खाली गेला की ती उघडतात, वर आला की झाकली जातात. एक्झॉस्टचं पोर्ट सर्वांत आधी उघडतं आणि सर्वांत शेवटी बंद होतं. इथेच घोटाळा आहे. ताजं मिश्रण आत येऊन झालं तरी एक्झॉस्टचं दार क्षणभर उघडंच राहतं आणि त्यातून चांगलं पेट्रोल धुराच्या मागोमाग बाहेर पळतं. युद्धाआधी डीकेडब्ल्यूवाले पंपाने जादा मिश्रण कोंबून हा तोटा भरून काढत. १९४६ पासून रेसिंगमध्ये अशा सुपरचार्जिंगवर बंदी आली. त्यानंतर टू-स्ट्रोक म्हणजे बायका-पोरांना बाजारात नेणारी गाडी, रेस जिंकावी फोर-स्ट्रोकनेच, असं सगळे धरून चालले.

काडेनने तो पंप एक्झॉस्ट पाइपमध्येच शोधला. एकही हलणारा पार्ट नसलेला पंप! एक्झॉस्ट उघडला की धुराबरोबर दाबाची एक लाट पाइपमधून निघते. पाइप हळूहळू रुंद होत गेला तर लाटेचा काही भाग उलटून परत येतो, पण ओढणारी लाट म्हणून. ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते आणि ताजं मिश्रण आत यायला मदत करते. पुढे पाइप पुन्हा अरुंद झाला की तिथून दुसरी लाट परत फिरते, ती मात्र ढकलणारी. बाहेर पळालेलं मिश्रण ती दार बंद होण्याआधी मागे आत लोटते. आपल्या मेसच्या दारावर असा एखादा वॉचमन असता, जेवून झालेल्यांना ओढून बाहेर काढणारा आणि उपाशी बाहेर पडलेल्यांना परत आत ढकलणारा, तर रविवारच्या फीस्टला इतकी रांग लागली नसती.

सगळा खेळ वेळेचा. मी वहीत आकडेमोड करून पाहिली. काडेनचं १९६१ चं १२५ सीसी इंजिन १०,८०० आरपीएमला फिरायचं. म्हणजे एका फेरीला साधारण ५.५६ मिलिसेकंद. एक्झॉस्ट अर्धी फेरी उघडं राहतं असं धरा, म्हणजे २.७८ मिलिसेकंद. गरम धुरात लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास. तेवढ्या वेळात लाट १.३९ मीटर जाते. तिला जाऊन परत यायचंय, म्हणून निम्मे करा. सुमारे ७० सेंटिमीटर. इतक्या अंतरावर पाइप आवळला तर लाट बरोब्बर दार बंद होताना पोचते. आरपीएम बदलला की वेळ चुकली. कमी आरपीएमला लाट लवकर येऊन थडकते, उपयोग शून्य. म्हणून अशा गाड्या एका ठराविक पट्ट्यातच ओढतात. त्या पट्ट्यात शिरल्या की पाठीत लाथ बसल्यासारख्या सुटतात आणि त्याच्या खाली नुसत्या बोंबलतात.

शेवटची बारीक नळीसुद्धा हिशोबातली. ती फार मोठी केली की आतला दाब टिकत नाही. फार बारीक केली की उष्णता कोंडून पिस्टन जळतो. आरएक्सचा सायलेन्सर वरून साधा दिसतो, पण त्याच्या पोटातही असंच गणित आहे, आणि मी वीस मिनिटांत त्यातला एक आकडा खोडून आले होते. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर हे.

या पाइपची कल्पना एकट्या काडेनची नव्हती. पश्चिमेत गेलेल्या डीकेडब्ल्यूमध्ये एरिश वोल्फ याने तसे पाइप आधी लावले होते. इंजिनात मिश्रण घेणारी फिरती चकती, म्हणजे रोटरी डिस्क, ही दानिएल त्सिमरमान नावाच्या एका खासगी ट्यूनरची. काडेनचं मोठेपण मला यात वाटतं की त्याने या गोष्टी एकत्र आणल्या आणि अंदाजपंचे न करता ऑसिलोस्कोपवर लाटा बघून मापं ठरवली. आमच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप म्हटलं की इलेक्ट्रॉनिक्सचं जर्नल आठवतं, आणि या माणसाने तो धुराला लावला! शिवाय त्याने एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीला तिसरं ट्रान्सफर पोर्ट काढलं. त्यातून पिस्टनच्या आतून येणारं थंड मिश्रण गजन पिनच्या बेअरिंगलाही गार ठेवायचं. शेवटी १९६१ मध्ये १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर. लिटरला २००. सुपरचार्जर नसलेल्या कुठल्याही इंजिनाने याआधी हा आकडा गाठला नव्हता. आमची आरएक्स ९८ सीसीत ११ देते आणि आम्ही तिच्यावरच कॉलर ताठ करून फिरतो.

त्या वर्षी त्याचा रायडर होता एर्न्स्ट डेग्नर. स्वतःही चांगला इंजिनीअर. १९६१ मध्ये त्याने हॉकेनहाइम, साक्सेनरिंग आणि मोंझा जिंकलं. १२५ सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप अगदी हातातोंडाशी आली. होंडासारखी कंपनी समोर आणि हे मूठभर लोक पुढे. १३ ऑगस्टला बर्लिनची भिंत उभी राहिली. १७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये क्रिस्टियानस्टाडची रेस. तिथे डेग्नरचं इंजिन सुरुवातीलाच गेलं. आणि त्यानंतर डेग्नरही गेला. डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनीत. त्याच सुमाराला त्याची बायको आणि मुलं एका गाडीच्या डिकीत लपून सीमा ओलांडून आली होती.

त्याच्या सामानात एमझेडचे पार्ट आणि ड्रॉइंग्ज होती, आणि डोक्यात बाकीचं सगळं. सुझुकीच्या टू-स्ट्रोक त्या वेळी रेसमध्ये मागे मागे रडत होत्या. तो नोव्हेंबरमध्ये जपानला हामामात्सूला सुझुकीच्या कारखान्यात पोचला. १९६१ चं विजेतेपद शेवटच्या रेसमध्ये होंडाच्या टॉम फिलिसने नेलं. १९६२ मध्ये सुझुकीवर डेग्नर ५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन. टू-स्ट्रोकचं ते पहिलं जगज्जेतेपद, आणि त्यावर काडेनचं नाव नाही.

यावरून माझं आणि रूममेटचं तीन दिवस भांडण चाललं. तिचं म्हणणं, डेग्नरने केलं ते बरोबर. जिथे बायका-मुलांना भिंतीच्या आत ठेवून घेतात, रेस जिंकून हातात फारसं काही पडत नाही, तिथे कशाला राहायचं? सीनियर्स एमएसला जातात तेव्हा आपण पेढे खातोच की. माझं म्हणणं, जा ना, पण दुसऱ्याची वही घेऊन जाऊ नकोस. रेस जिंकणारा उजेडात असतो, पण ती ड्रॉइंग्ज काढणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी त्याच कारखान्यात जाऊन साहेबांना तोंड द्यायचं होतं. यावर ती म्हणाली की आरटी १२५ ची ड्रॉइंग्ज जेत्यांनी नेली तेव्हा कोणाला चोरी म्हटलं का कोणी? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये. डेग्नरचंही पुढे फार चांगलं झालं नाही. १९६३ मध्ये जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर तो अपघातात भयंकर भाजला. १९८३ मध्ये वारला. त्या ट्रॅकवर एक वळण अजून त्याच्या नावाचं आहे.

काडेन मात्र चोपाऊतच राहिला. युद्धानंतर, १९६१ नंतर, भिंत पडल्यावरसुद्धा. आणि तो नुसता बसूनही राहिला नाही. १९६३ मध्ये साक्सेनरिंगवर, म्हणजे घरच्या मैदानावर, माइक हेलवुडने एमझेडवर २५० सीसीची रेस मारली. १९६४ मध्ये ॲलन शेफर्डने डेटोनाला अमेरिकन ग्रांप्री जिंकली. वर्ल्ड चॅम्पियनशिप मात्र एमझेडला कधीच मिळाली नाही. ती मिळाली सुझुकीला, मग यामाहाला. १९७५ मध्ये ५०० सीसीलाही टू-स्ट्रोक जिंकली आणि २००१ पर्यंत तिथे दुसरं कोणी जिंकलंच नाही. त्या प्रत्येक गाडीच्या पोटाखाली चोपाऊचा तो फुगीर पाइप होता.

३ मार्च १९९६ ला काडेन वारला. भारतात आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं तेही १९९६ मध्येच. हा योगायोग आहे, पण बाबांना सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प झाले.

पुंगळी गॅरेजवाल्याने भंगारात टाकली होती. नाना पेठेत दोन रविवार फिरून एक जुना पण ओरिजिनल सायलेन्सर मिळाला. खिसा रिकामा झाला, या महिन्यात मेसशिवाय बाहेर खाणं बंद. पण परवा खंबाटकी तिसऱ्या गिअरवर चढले. रेक्टर मॅडमना सांगायचं राहिलंय की आता आवाज येणार नाही.