परक्या त्वचेचे कलम : सर पीटर मेडावार (१९१५–१९८७)

आपल्या मासिकात बहुधा मिशनरी, सुवार्तिक, शास्त्राचे भाषांतरकार आणि मंडळीचे सेवक यांची चरित्रे येतात. या वेळी आम्ही एका प्राणिशास्त्रज्ञाचे चरित्र देत आहोत. प्रथमच सांगितलेले बरे, की हे गृहस्थ मोठेपणी स्वतःला विश्वासणारे म्हणवीत नसत. तरीही हे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटले. आज ज्यांच्या अंगात दुसऱ्याने दिलेले मूत्रपिंड, यकृत अथवा हृदय काम करीत आहे, त्या सर्वांवर या माणसाच्या श्रमांचे ऋण आहे, आणि देवाची करुणा कोणाच्या हातून पोहोचावी हे ठरविणारे आम्ही कोण?

पीटर ब्रायन मेडावार यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझील देशात झाला. वडील मूळचे लेबनॉनचे, तेथील मॅरोनाइट ख्रिस्ती घराण्यातले. व्यापारासाठी ते समुद्र ओलांडून आले होते. आई इंग्रज. मुलगा शिक्षणासाठी इंग्लंडला आला. मार्लबरोच्या शाळेत तो फारसा रमला नाही, पण जीवशास्त्राची गोडी त्याला तेथेच लागली. १९३२ साली ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात प्रवेश मिळाला आणि प्राणिशास्त्रात त्याने पहिला वर्ग मिळविला. १९३७ साली जीन टेलर या सहाध्यायिनीशी त्यांचा विवाह झाला. संसारात दोन मुलगे व दोन मुली झाल्या.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा मेडावार ऑक्सफर्डमध्ये होते. १९४० सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरापासून जवळच एक बाँबफेकी विमान कोसळले. ते शत्रूचे नव्हते, ब्रिटिशच होते. आतला तरुण वैमानिक भयंकर भाजला होता. शरीराचा निम्म्याहून अधिक भाग जळालेला, आणि त्यावर घालायला त्याची स्वतःची निरोगी कातडी पुरेशी उरलेली नाही. त्याच्यासाठी काही करता येईल काय, असे डॉक्टरांनी मेडावारांना विचारले. त्या बिछान्याजवळ उभे राहिल्यावर या पंचविशीच्या अभ्यासकाची पुस्तकी विद्या जमिनीवर आली. दुसऱ्या कोणाची कातडी घेऊन जखमेवर लावावी, हा विचार कोणालाही सुचेल. पण ती टिकत नाही हे शस्त्रवैद्यांना ठाऊक होते. का टिकत नाही, हे मात्र पक्के कोणी सांगू शकत नव्हते. मेडावारांच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न त्यांना तेथे मिळाला.

या कामासाठी त्यांना ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत पाठविण्यात आले. तेथे टॉमस गिब्सन नावाचे शस्त्रवैद्य भाजलेल्या रोग्यांची शुश्रूषा करीत. त्यांच्याकडे एक तरुण स्त्री आली. तिला अपस्माराचा विकार होता व झटक्यात ती गॅसच्या शेगडीवर पडून भाजली होती. दोघांनी तिच्या जखमेवर काही ठिकाणी तिच्या स्वतःच्या कातडीचे छोटे तुकडे लावले, तर काही ठिकाणी तिच्या भावाच्या कातडीचे. स्वतःच्या कातडीने जीव धरला. भावाच्या कातडीनेही प्रथम जीव धरल्यासारखे दिसले, पण काही दिवसांनी ती सुजली, विरली आणि गेली. मग त्यांनी त्याच भावाची कातडी दुसऱ्यांदा लावली. ही दुसरी खेप पहिलीपेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाली.

या लहानशा गोष्टीत मोठा शोध दडला होता. गोवर एकदा येऊन गेला की शरीर त्याला ओळखते व पुन्हा शिरकाव करू देत नाही. भावाच्या कातडीच्या बाबतीतही शरीर तसेच वागले होते. पहिल्या भेटीत त्याने परक्याला ओळखले आणि दुसऱ्या भेटीत तत्काळ हाकलले. म्हणजे कलम कातडी लावण्यातल्या चुकीमुळे मरत नव्हते. रोगजंतूंपासून आपले रक्षण करणारी जी प्रतिकारशक्ती, तीच त्याला मारीत होती. १९४३ साली दोघांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. नंतर मेडावारांनी सशांवर शेकडो कलमे लावून ते पुन्हा पुन्हा तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना परक्या कातडीत लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली दिसे. जे शरीर जखम भरून काढते, तेच शरीर देणगी म्हणून आलेल्या कातडीला जखमा करीत होते.

मग पुढचा दरवाजा उघडला तो गोठ्यात. १९४७ साली मेडावार बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाले. पुढल्या वर्षी स्टॉकहोमच्या एका परिषदेत एका सहकारी शास्त्रज्ञाने त्यांना विचारले, की गुरांची जुळी वासरे अगदी एकरूप आहेत की नुसती एका वेळी जन्मलेली भावंडे आहेत, हे कसे ओळखावे? मेडावारांनी सहज सांगून टाकले, की कातडीची अदलाबदल करा. एकरूप असतील तर कलम लागेल, नसतील तर जाईल. आपल्याच तोंडून गेलेला शब्द पाळण्यासाठी त्यांना व रूपर्ट बिलिंगहॅम या सोबत्याला शेतावर जाऊन गुरांवर कलमे करावी लागली. निकाल पाहून दोघे चकित झाले. एकरूप नसलेल्या जुळ्यांनीही, एक कालवड व एक गोऱ्हा अशा जोडीनेही, एकमेकांची कातडी स्वीकारली.

याचे उत्तर अमेरिकेच्या रे ओवेन यांनी १९४५ सालीच अर्धे दिले होते. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या बहुधा जोडलेल्या असतात, आणि एकाचे रक्त दुसऱ्यात जाते. जन्मापूर्वी ज्याची ओळख झाली, त्याला शरीर पुढे परका मानीत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनीही असाच तर्क मांडला होता. तो सिद्ध करण्याचे काम उरले होते.

१९५१ साली मेडावार लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. बिलिंगहॅम बरोबर होते, आणि लेस्ली ब्रेंट नावाचा विद्यार्थीही. ब्रेंट हे जर्मनीतले यहूदी. १९३८ सालच्या डिसेंबरात, वयाच्या तेराव्या वर्षी, यहूदी मुलांना वाचवून ब्रिटनला नेणाऱ्या पहिल्याच तुकडीतून ते आले. त्यांचे आईवडील व बहीण मागे राहिली आणि नाझींच्या हातून मारली गेली. परका म्हणून ज्याच्या घरादाराचा नाश झाला, त्याच मुलाने पुढे शरीर परक्याला कसे स्वीकारते याचा शोध लावण्यास हात लावावा, हे वाचताना आमचे मन क्षणभर थांबते.

तिघांनी तपकिरी जातीच्या उंदरांची न जन्मलेली पिले घेतली, आणि आईच्या पोटात असतानाच त्यांना पांढऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. पिले जन्मली, वाढली. आठ आठवड्यांनी त्यांच्यावर पांढऱ्या उंदराची कातडी लावली. सर्वांनी नव्हे, पण काहींनी ती स्वीकारली. तपकिरी उंदराच्या अंगावर पांढऱ्या लोकरीचा ठिपका निश्चिंत वाढू लागला. पुढे त्यांनी पांढऱ्या कातडीचा विरोध करण्यास सरावलेल्या दुसऱ्या तपकिरी उंदरांच्या पेशी अशा उंदरात सोडल्या, तेव्हा तोच ठिपका नष्ट झाला. बदल कातडीत झालेला नव्हता, यजमानाच्या मनोवृत्तीत झाला होता, असे म्हटल्यास चालेल. ३ ऑक्टोबर १९५३ रोजी हा निबंध प्रसिद्ध झाला. बर्नेट व मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेडावारांनी आपल्या वाट्याच्या पैशातून बिलिंगहॅम व ब्रेंट यांना त्यांचा हिस्सा दिला. मानाच्या जागी एकच नाव लिहिले जाते, पण काम तिघांचे आहे, हे त्यांनी नुसते भाषणात सांगून सोडले नाही.

न जन्मलेल्या उंदराला जे साधते ते वाढलेल्या रोग्याला कसे साधावे? रॉय काल्न हे शस्त्रवैद्य पुढे सांगत, की एका व्याख्यानानंतर या शोधाचा रोग्यांना काय उपयोग असे विचारता मेडावारांनी काहीच नाही असे उत्तर दिले होते. पण अशक्य नाही एवढे कळले, आणि डॉक्टरांना तेवढे पुरले. १९५४ साली बॉस्टनला जोसेफ मरे यांनी एकरूप जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडरोपण यशस्वी केले. जुळे नसलेल्यांसाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे आली : १९६० नंतर अॅझाथायोप्रिन आणि पुढे सायक्लोस्पोरिन. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले. डॉ. इडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्यातून वाढलेली ही संस्था आहे. बहुतेक रोग्यांना आजही ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात. औषधांवाचून परक्याला आपले करणे, हे मेडावारांनी उंदरात दाखविलेले कार्य माणसात सर्रास साधलेले नाही.

१९६२ साली मेडावार लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले, १९६५ साली ‘सर’ झाले. सप्टेंबर १९६९ मध्ये एक्सेटर येथे ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे अधिवेशन भरले. त्या वर्षी ते अध्यक्ष होते. अध्यक्षाने रविवारच्या उपासनेत पाठ वाचावा, अशी रीत होती. कॅथीड्रलमध्ये पाठ वाचत असतानाच त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वय अवघे चौपन्न. डावे अंग लुळे पडले, दृष्टीही अर्धी गेली.

याला कोणी देवाची शिक्षा म्हणू नये. शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेल्यांविषयी आपल्या प्रभूने लोकांना काय शिकविले, ते लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. मेडावारांनी कुरकुर केली नाही. संचालकपद सोडले, पण प्रयोगशाळा सोडली नाही. जीनबाईंनी त्यांचे डोळे व हात व्हावे, आणि त्यांनी पुस्तके लिहावीत, असे अठरा वर्षे चालले. तरुण शास्त्रज्ञांना उपदेश करणारे पुस्तक १९७९ साली आले, विज्ञानाच्या मर्यादांवरील १९८४ साली. या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी मान्य केले, की आरंभ व अंत यांविषयीचे प्रश्न विज्ञानाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. आपल्याला विश्वास ठेवता येत नाही, याचा आपल्याला खेद आहे, असेही त्यांनी लिहून ठेवले. आणखी झटके आले. २ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. इंग्लंडच्या अल्फ्रिस्टन गावी, सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात ते विसावले आहेत.

त्यांना मरणानंतर आमच्या बाजूचे ठरविण्याचा लोभ आम्हांस नाही. त्यांनी प्रामाणिकपणे जे म्हटले, तेच आम्ही सांगितले. पण वाचता वाचता रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडाला कलम होते, ते फांदीच्या योग्यतेने नव्हे, तर झाडाने तिला धरल्यामुळे. आपण सारे अशीच लावलेली कलमे आहोत. संडेस्कूलच्या शिक्षकांनी हा धडा शिकविताना तपकिरी उंदरावरच्या पांढऱ्या ठिपक्याची गोष्ट जरूर सांगावी. मुले ती विसरणार नाहीत.

एक गोष्ट मोठ्यांसाठी. मरणोत्तर अवयव दिला तर पुनरुत्थानाच्या दिवशी काय होईल, अशी शंका आपल्या मंडळ्यांत अजून कुजबुजली जाते. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पेरलेल्या बीजाचा दृष्टांत देऊन या काळजीला उत्तर दिले आहे. मातीत जाणारे शरीर जसेच्या तसे परत मागण्याची आपल्याला गरज नाही. ऑक्सफर्डच्या त्या जळालेल्या वैमानिकाला त्या दिवशी दुसऱ्याची कातडी उपयोगी पडू शकली नाही. आज दुसऱ्याचा अवयव उपयोगी पडतो, आणि देणाऱ्याची वाट पाहत कोणीतरी खाटेवर पडून आहे. आपल्या घरी या विषयावर एकदा तरी प्रार्थनापूर्वक बोलणे व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.