तात्या टोपे आणि नळीतला फरक

येवला म्हटले की घरोघरी पैठणी आठवते. त्याच येवल्यात १८१४च्या सुमारास रामचंद्र पांडुरंग नावाचे मूल जन्मले; तेच पुढे तात्या टोपे म्हणून गाजले. पेशवाई बुडाली आणि वडील दुसऱ्या बाजीरावांमागोमाग ब्रह्मावर्ताला गेले. तिथे नानासाहेबांच्या सहवासात तात्या वाढले.

चांदीपला बसून त्यांच्या लढाया वाचताना माझे लक्ष बंदुकीच्या नळीकडे जाते. बँकेतल्या नोकरीचा हा परिणाम! आमच्या शाखेच्या दाराशी रखवालदाराच्या खांद्यावर बारा बोअरची बंदूक असे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, की त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची. म्हणजे आकडा वाढला की नळी अरुंद. लष्कर मात्र नळी इंचांत मोजत असे.

कंपनीच्या शिपायांची जुनी बंदूक पाऊण इंची, आतून गुळगुळीत. शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे. १८५३ची एन्फिल्ड ०.५७७ इंची, पण नळीत पेच पाडलेले. तिची गोळी फिरत जाई आणि तीनचारशे यार्डांवर माणूस टिपी. तिच्या काडतुसाला गाईडुकरांची चरबी लावल्याचा बोभाटा झाला आणि शिपायांनी ते नाकारले. धर्म राखला, पण सरस बंदूक बव्हंशी गोऱ्यांच्याच हाती राहिली.

तरीही नोव्हेंबर १८५७मध्ये तात्यांनी कानपूरला जनरल विंडहॅमला मागे रेटले. १ एप्रिल १८५८ला बेतवाकाठी मात्र सुमारे वीस हजारांची त्यांची फौज रोझच्या दीड हजारांपुढे मोडली. दोष एकट्या बंदुकीचा नव्हे. तोफा आणि घोडदळाच्या कडव्या हल्ल्यानेही घात केला. पण समोरासमोर रांगेत उभे राहणे आपल्याला परवडणारे नाही, हे तात्यांनी पुढे ओळखले. ग्वाल्हेर गेल्यावर वर्षभर ते राजस्थान-माळव्यात इंग्रजांना हुलकावण्या देत फिरले, नर्मदाही ओलांडली. ७ एप्रिल १८५९ला मानसिंगाने दगा दिला आणि १८ एप्रिलला शिवपुरीत त्यांना फाशी झाली.

त्यानंतर सरकारने हिंदी शिपायांसाठी मुद्दाम एक बंदूक काढली: बाहेरून एन्फिल्डच, आतून पेच काढून टाकलेली. विश्वास उडाला होता, तो असा नळीत दिसला. लष्करी आणि नागरी बंदुकीतला भेद पुढेही राहिला. .३०३ ही निषिद्ध बोअर ठरली, तर परवानाधारकासाठी इच्छापूरच्या कारखान्याने .३१५ रायफल बनवली. तिचे चेंबर वेगळे, त्यामुळे .३०३चे काडतूस तिच्यात बसत नाही.

तात्या पळत राहिले, असे कुणी हिणवून म्हणाले की मला या दोन नळ्या आठवतात. शंभर यार्डांची बंदूक घेऊन चारशे यार्डांच्या बंदुकीपुढे वर्षभर टिकून राहणे, याला पळणे कसे म्हणावे?