यंत्र माणसाच्या मापात बसवणारे लक्ष्मणराव

पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील लकाकी रस्ता बहुतेक पुणेकरांच्या परिचयाचा आहे. मात्र हे नाव कशावरून पडले, हे ठाऊक असणारे थोडेच. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या नावाची आद्याक्षरे जोडून 'लकाकी' हा शब्द तयार झाला. किर्लोस्कर कुटुंबाच्या बंगल्याचे ते नाव पुढे परिसरातही रुळले. लक्ष्मणरावांचे नाव घेतले की लोखंडी नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी आठवते. त्यांच्या उद्योगाची सुरुवात मात्र सायकलीने झाली, याचे सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यालाही फारसे स्मरण नाही.

ही आठवण आज काढण्यास एक निमित्त आहे. शाळा-कॉलेजात रोजची असलेली, नंतर स्कूटर आणि मोटारीच्या काळात सुटलेली सायकल पन्नाशी-साठीत पुन्हा हाती घेणारे अनेक जण पुण्यात आहेत. हौसेने नवी रोड बाइक घेतली जाते आणि महिन्याभरात गुडघा, कंबर, मान यांपैकी काहीतरी बोलू लागते. दोष वयाला दिला जातो, सायकल गच्चीत किंवा जिन्याखाली जाते. यंत्र आणि माणूस यांचा मेळ बसत नसेल तर बदल यंत्रात करावा, हे लक्ष्मणरावांनी आयुष्यभर आचरणात आणलेले सूत्र अशा वेळी उपयोगी पडावे.

चित्रकलेकडून यंत्राकडे

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरची परंपरा विद्येची. लक्ष्मणांचे लक्ष मात्र पुस्तकापेक्षा चित्रांत आणि यंत्रांच्या खटपटीत. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्यापुढे अनपेक्षित अडचण उभी राहिली. काही रंग ओळखताना त्यांची गल्लत होत असे. अंशतः रंगांधळ्या विद्यार्थ्याला चित्रकार होणे अशक्यप्राय होते. एखादा निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी डोळ्यांचा दोष मान्य केला आणि हाताचे कौशल्य सोडले नाही. रंगांची गरज नसलेले यांत्रिक रेखाचित्रण त्यांनी आत्मसात केले आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. वर्गातील काम संपले की ते कार्यशाळेत रमत. यंत्र उघडायचे, समजून घ्यायचे आणि पुन्हा जोडायचे, हे शिक्षण त्यांना तेथे मिळाले.

बेळगावातील सायकली

मुंबईत असताना एका पारशी गृहस्थाला सायकलवरून जाताना त्यांनी पाहिले. त्या काळी सायकल ही विलायतेहून येणारी नवलाची वस्तू होती. हे यंत्र केवळ पाहून त्यांचे समाधान झाले नाही. ते स्वतः सायकल शिकले आणि तिच्यात व्यवसाय दिसताच रामूअण्णांना त्यांनी सोबत घेतले. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी वाटणी ठरली. सायकल चालविण्यास शिकवण्याचे १५ रुपये घेतले जात. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालापासून मानतो, तो या दुकानाच्या नावाने.

त्या शिकवणीचे महत्त्व समजून घेण्यासाठी तेव्हाच्या सायकलीकडे पाहावे लागेल. १८८५ पूर्वीची प्रचलित सायकल म्हणजे पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले. पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्याने चाकाचा आकार स्वाराच्या पायाच्या लांबीवर ठरे. लांब पायाच्या माणसासाठी मोठे चाक, आखूड पायाच्यासाठी लहान. एकाची सायकल दुसऱ्याला चालत नसे. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल आली. तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरे. चाकाचा आकार आणि पायाची लांबी यांची गाठ त्यामुळे सुटली. सीट वर-खाली करून एकच सायकल निरनिराळ्या उंचीच्या माणसांना वापरता येऊ लागली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि बसणारे हादरेही कमी झाले.

बेळगावात १५ रुपये देऊन सायकल शिकणाऱ्याला एका अनोळखी यंत्राशी जमवून घ्यायचे होते. विलायती बांध्याची सायकल आणि धोतर नेसलेला देशी स्वार यांचा मेळ घातल्याशिवाय सायकल विकली जाणार नव्हती. विक्री आणि शिकवणी एकाच दुकानात होती, यातच त्या धंद्याचे मर्म होते.

मुंबईच्या नोकरीत पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा ती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. १८९७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. अन्याय झाला म्हणून वर्षानुवर्षे झुरत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता.

शेतकऱ्याने नाकारलेला नांगर

सायकलींपाठोपाठ दुकानात पवनचक्क्या आल्या, कडबा कापण्याचे यंत्र आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगरापेक्षा तो जमीन खोलवर उलथत असे. यंत्र चोख होते, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, पीक बुडते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकले जाण्यास जवळपास दोन वर्षे लागली.

हा काळ त्यांच्या परीक्षेचा होता. शेतकरी अडाणी आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. आपल्याकडचा बैल, आपल्याकडची माती आणि आपल्याकडचा नांगऱ्या यांना मानवेल असा नांगर देणे हे आपले काम, असे मानून लक्ष्मणराव मालाच्या सुधारणेस लागले. शेतकऱ्याचा विश्वास सावकाश बसला. एकदा बसल्यावर मात्र त्याच नांगराने किर्लोस्करांचे नाव गावोगाव नेले.

कुंडलचा माळ

धंद्याला बरे दिवस येतात तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. चाळिशीला आलेल्या लक्ष्मणरावांपुढे पुन्हा शून्यापासून सुरुवात करण्याची वेळ आली. या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस आले. त्यांनी १० हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली. तो निवडुंगाने भरलेला, सापांचा वावर असलेला उजाड माळ होता. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव मूठभर सहकाऱ्यांसह तेथे उतरले. रामूअण्णा, शंभूअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही मंडळी त्यांच्या उजव्या हाताची.

या माळाची किर्लोस्करवाडी झाली. कारखान्यासोबत वस्ती उभी राहिली. अस्पृश्यतेला तेथे थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले आणि विश्वासाने काम सोपवले. समाजाने बाजूला टाकलेल्या माणसालाही योग्य जागा दिली तर तो उपयोगी पडतो, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. पुढे वाडीतून पंप बाहेर पडले आणि पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर' मासिकही निघाले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकून आले आणि त्यांनी उद्योगाचा विस्तार केला. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि या घराण्याचे पुण्याशी नाते पक्के झाले.

पन्नाशीनंतरची सायकल

बेळगावच्या दुकानात सायकलसोबत शिकवणी मिळत असे. आज वीस-तीस वर्षांच्या खंडानंतर सायकल घेणाऱ्यालाही अशाच शिकवणीची गरज असते. तोल सावरण्याचे कौशल्य अंगातून जात नाही. शरीर मात्र बदललेले असते. मांडीमागचे स्नायू आखडलेले, कंबर ताठ, मान पूर्वीइतकी वर न वळणारी. शर्यतीच्या घडणीची रोड बाइक याच अवयवांकडून जास्त मागणी करते. सुदैवाने तिच्यात बदल करण्यास बराच वाव असतो.

पहिले काम सीटच्या उंचीचे. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसावे, पेडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. कंबर न कलता पाय जेमतेम सरळ होत असेल तर उंची साधारण बरोबर. चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्यात सुमारे २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. ज्यांचे स्नायू आखडलेले आहेत, त्यांनी सीट काही मिलिमीटर खालीच ठेवावी. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा जड गिअर रेटला जात आहे. मागून ताण येत असेल तर सीट वर आहे. पुण्यात अजूनही अनेक जण सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत अशी उंची ठेवतात. सुरक्षित वाटणारी हीच सवय गुडघ्यांच्या मुळावर येते.

त्यानंतर सीटची जागा. पेडल जमिनीला समांतर असताना गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसाजवळ यावा, हा प्राथमिक ठोकताळा आहे. हँडल लांब वाटते म्हणून सीट पुढे ढकलू नये. त्याने गुडघ्याचे गणित बिघडते. त्याऐवजी हँडल धरणारा स्टेम आखूड घ्यावा.

पुनरागमन करणाऱ्याला सर्वांत जास्त आराम हँडलची उंची देते. शर्यतीत हँडल सीटपेक्षा बरेच खाली असते. साठीच्या आसपास ते सीटच्या पातळीजवळ आणण्यात कमीपणा नाही. स्टेमखालच्या चकत्या वाढवून किंवा वर वळलेला स्टेम बसवून हे साधते. तळवे बधिर होणे, करंगळीला मुंग्या येणे, मान धरणे ही शरीराचा भार पुढे जास्त पडत असल्याची लक्षणे आहेत. सीट समपातळीत ठेवावी. तिचे टोक फार खाली कलले तर माणूस पुढे घसरतो आणि भार पुन्हा हातांवर येतो.

एका वेळी एकच बदल, तोही ३ ते ५ मिलिमीटरचा करावा. जुन्या जागेवर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी आणि काही फेऱ्या मारल्यावरच पुढचा निर्णय घ्यावा. सीटच्या दांड्यावर मर्यादेची रेघ असते. ती दांडा वर घेताना दिसू लागली तर तेथेच थांबावे. फ्रेम कार्बनची असेल तर बोल्ट अंदाजाने आवळू नयेत. २८ मिलिमीटरचे टायर आणि मागे मोठी चक्री असलेले हलके गिअर पुण्याच्या रस्त्यांना आणि चढांना मानवतात. सिंहगड किंवा कात्रजचा घाट काही आठवड्यांनी गाठावा. हृदयविकार, रक्तदाब किंवा सांध्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतके करूनही दुखणे राहिले तर फ्रेमच आपल्या मापाची नाही असे समजावे आणि जाणकार दुकानदाराकडे जावे.

यात अवघड काही नाही. लागतो तो थोडा धीर आणि आपल्या शरीराचे ऐकण्याची तयारी. तरुणपणीच्या मापात स्वतःला कोंबण्याचा अट्टहास मात्र सोडावा लागतो.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. चित्रकार होण्यास निघालेल्या या माणसाला डोळ्यांनी साथ दिली नाही, नोकरीने दिली नाही आणि बेळगावच्या जागेनेही दिली नाही. प्रत्येक वेळी जे बदलता येण्याजोगे होते ते त्यांनी बदलले आणि काम चालू ठेवले. गच्चीवरची सायकल खाली उतरवू पाहणाऱ्या पुणेकराने एक पाना हाती घेऊन सीटपासून सुरुवात केली, तर बेळगावच्या त्या जुन्या दुकानाची शिकवणी आजही वाया गेलेली नाही, असे म्हणता येईल.