कै. सय्यद अब्दुल रहीम

फुटबॉलच्या बाद पद्धतीच्या चषकस्पर्धेत एक नियम मोठा कठोर असतो. जो संघ हरला तो तेथेच स्पर्धेबाहेर पडला; त्याचे मागील विजय कितीही मोठे असोत, ते त्याच्या कामी येत नाहीत. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा ही अशाच प्रकारची होती. ती १८९१ साली सुरू झाली आणि साऱ्या देशात नावाजली. पुष्कळ वर्षे तो चषक गोऱ्या पलटणींकडेच जात असे. १९३७ साली बंगळूरच्या मुस्लिम संघाने तो प्रथमच हिंदी खेळाडूंच्या हाती आणला. पुढे १९५० पासून १९५४ पर्यंत हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाने तो लागोपाठ पाच वर्षे जिंकला. या पाच वर्षांत एखाद्या फेरीतील एक पराभवही ही परंपरा खंडित करण्यास पुरेसा होता. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम यांचा परिचय आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देत आहो.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला व शारीरिक शिक्षणाचाही अभ्यास केला. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले. वर्गात मुलाचा कच्चा विषय हेरून त्याचीच उजळणी करून घ्यावी, हा चांगल्या शिक्षकाचा धर्म होय. तोच त्यांनी मैदानावर पाळला. चेंडू पायाशी खेळवीत न ठेवता तत्काळ सोबत्याकडे द्यावयाचा, अशा अटीचे सामने त्यांनी भरविले. काही सामन्यांत तर खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारावा, असा दंडक होता. एकट्याने मिरविण्याची हौस जावी व अंगातील उणेपण भरून निघावे, हा त्यांत हेतू होता.

राष्ट्रीय संघाची धुराही त्यांच्याकडे आली. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत भारताने इराणचा एका गोलाने पराभव करून सुवर्णपदक मिळविले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपल्या संघास १०-१ असे नमविले. आपले बहुतेक खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. असा पराभव एखाद्याचा धीर खचविता. रहीमसाहेबांनी मात्र आपले काम पुढे चालू ठेविले. १९५६ साली मेलबर्न येथे त्यांच्या संघाने ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले. त्या सामन्यात मुंबईचे नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. त्या ऑलिंपिकात भारत चौथा आला.

१९६२ साली जकार्ता येथील आशियाई सामन्यांच्या वेळी त्यांची प्रकृती ढासळली होती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २-० असे हरविले. तथापि तो प्राथमिक गटातील सामना असल्यामुळे संधी उरली होती. पुढे बचावफळीतील जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले, तेव्हा रहीमसाहेबांनी त्यांस आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाशीच गाठ पडली. प्रेक्षकांचा मोठा समुदाय भारताच्या विरुद्ध ओरडत होता. तशातही पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी एकेक गोल करून २-१ असा विजय मिळविला. त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेबांचे देहावसान झाले.

रोव्हर्स चषकाची स्पर्धाही २०००-०१ नंतर बंद पडली. तरी या शिक्षकाची शिकवण जुनी झालेली नाही. डिंभ्याच्या आसपास भात निघाल्यावर मोकळ्या खाचरांत मुलांचे खेळ रंगतात. तेथे पालकांनी एवढे अवश्य पाहावे, की आपले मूल सोबत्याकडे चेंडू देते की नाही, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावास जाते की नाही. विद्यार्थ्यांनीही आपला दुबळा पाय कोणता हे ओळखावे. कोणाचा तो गणित असेल, कोणाचा आळस असेल. परमेश्वराने दोन्ही पाय दिले आहेत, ते दोन्ही कामी लावणे हे मात्र आपल्याकडे आहे.