कथातंत्राचे आचार्य : प्रा. ना. सी. फडके

कथालेखन शिकवता येते काय, या प्रश्नाला मराठीत सर्वांत ठाम होकार दिला तो प्रा. नारायण सीताराम फडके यांनी. त्या होकाराचे श्रेय जसे त्यांच्या वाट्याला आले, तशी त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागली.

४ ऑगस्ट १८९४ रोजी नगर जिल्ह्यातील कर्जत येथे त्यांचा जन्म झाला. उच्च शिक्षण पुण्यात घेऊन ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि पुढे दीर्घकाळ कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. त्यांची पहिली कथा १९१२ साली 'केरळकोकिळ' मासिकात आली. १९१७ मधील 'अल्ला हो अकबर!' ही पहिली कादंबरी मेरी कॉरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली होती. परक्या कृतीची बांधणी न्याहाळत लेखकाने हात बसवावा, हा नवशिक्यांचा नेहमीचा मार्ग त्यांनीही चोखाळला. 'कुलाब्याची दांडी' (१९२५), 'जादूगार' (१९२८) आणि 'दौलत' (१९२९) या कादंबऱ्यांनी मात्र त्यांना स्वतःचा वाचकवर्ग मिळवून दिला.

१९३१ साली 'प्रतिभासाधन' प्रसिद्ध झाले. प्रतिभा ही दैवी देणगी मानून लेखक तिची वाट पाहत बसत; फडके यांनी तिला साधनेचा विषय केले. कथानकाची गुंफण, पात्रांची उभारणी, वातावरण, निवेदनाची पद्धती अशा एकेका अंगाचा त्यांनी सोदाहरण विचार केला. लघुकथेने एकच परिणाम साधावा, आरंभीच वाचकाचे चित्त वेधावे, गुंतागुंत क्रमाने वाढवीत उत्कर्षबिंदू गाठावा आणि पाल्हाळ न लावता संपावे, हा त्यांच्या शिकवणीचा सारांश होय. इंग्रजी कथाशास्त्राचा या ग्रंथावर दाट ठसा होता. त्यावरून उसनवारीचे आरोपही झाले. तथापि, लेखन करू पाहणाऱ्या मराठी तरुणाला आपल्या भाषेत कारागिरीची परिभाषा या ग्रंथाने दिली, हे नाकारता येत नाही.

जे सांगितले ते त्यांनी आचरले. सत्तरांहून अधिक कादंबऱ्या आणि शेकडो कथा ही केवळ स्फूर्तीची कमाई नव्हे; तिच्यामागे नियमित बैठक होती. 'रत्नाकर' मासिकाच्या संपादनातून आणि 'गुजगोष्टी'सारख्या लघुनिबंधांतून त्यांनी प्रसन्न, नेटक्या गद्याचा वस्तुपाठ घालून दिला. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९६२ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले.

मतभेदही तितकेच तीव्र होते. कला कलेसाठी, या त्यांच्या भूमिकेला वि. स. खांडेकरांनी जीवनासाठी कला, असे उत्तर दिले. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर, अरविंद गोखले प्रभृतींची नवकथा आली आणि कथेला कलाटणी देणारा शेवट असलाच पाहिजे, हा दंडक मोडला. अनुभवाचे रूप कथेचा घाट ठरवते, घाट अनुभवाला कोंडून ठेवीत नाही, हे या लेखकांनी दाखवून दिले. फडके यांचे तंत्र अनेकांच्या हाती साचा बनले होते. त्या साच्याविरुद्धचे हे बंड होते.

परंतु बंड करणाऱ्यांनाही मोडायचे काय, हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक करून देण्यात फडके यांचा वाटा मोठा होता. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. नवोदित लेखकाने त्यांच्याकडून घ्यावी ती बैठक, वाचकाविषयीची जाण आणि अनावश्यक शब्द गाळण्याची शिस्त. काय सांगायचे, हे मात्र ज्याने त्याने आपल्या जगण्यातूनच शोधावयाचे असते.