श्रमातून विद्या : कर्मवीर भाऊराव पाटील

बाहुबलीच्या डोंगराजवळील कुंभोज या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन शेतकरी घराण्यात भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते शिकले. परंतु अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमास गेल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. मॅट्रिकचा टप्पा त्यांना गाठता आला नाही. पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी गावोगाव भ्रमंती केली. या भ्रमंतीत खेड्यातील मुलांच्या शिक्षणाची दैना त्यांनी जवळून पाहिली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. धान्य संपले तेव्हा पत्नी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. वसतिगृह मात्र चालू राहिले.

त्या काळी गरीब मुलाला कॉलेजात शिकायचे तर परक्या शहरात जाऊन शिकवणी वा किरकोळ नोकरी शोधावी लागे. वार लावून जेवण्याची सोय ठरावीक समाजापुरतीच होती. शेतकऱ्याच्या मुलासाठी ते दारही बंद होते. काम मिळाले तरी त्याच्या वेळा वर्गाच्या वेळांशी जुळत नसत आणि शिक्षण अर्ध्यावर सुटे. यावर भाऊरावांनी काढलेला मार्ग साधा होता : विद्यार्थ्याने काम शोधत फिरू नये, विद्यालयानेच त्याला काम द्यावे. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर उभे राहिले. विद्यार्थी शेतात व बांधकामावर राबत आणि त्या श्रमांतून त्यांच्या शिक्षणाचा व निर्वाहाचा भार हलका होई.

कष्टांमुळे अभ्यास मागे पडेल, अशी शंका घेणाऱ्यांना विद्यार्थ्यांच्या यशानेच उत्तर दिले. याच वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊरावांच्या दृष्टीने या योजनेत पैशाइतकेच महत्त्व स्वाभिमानाला होते. दानावर शिकलेला मुलगा दात्याचा मिंधा होतो, श्रमावर शिकलेला ताठ मानेने उभा राहतो, ही त्यांची धारणा होती. श्रमण परंपरेत जन्मलेल्या या श्रावकाने श्रमालाच विद्येचे साधन बनविले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्यांना मॅट्रिकही होता आले नाही, त्यांच्या नावाने पुणे विद्यापीठात कमवा व शिका योजना चालते. त्यातून गरजू विद्यार्थी काम करून पदवी मिळवितात. धर्मशाळा आणि मंदिरे उभारणाऱ्या आपल्या समाजाने, गरजू विद्यार्थ्याला केवळ मदत न देता सन्मानाचे काम देण्याचीही वाट चोखाळावी, हीच कर्मवीरांना खरी आदरांजली ठरेल.