रेणूंची साखळी ओळखणारा शास्त्रज्ञ

चौसाळ्याच्या शिवारात अंथरलेली ठिबकची नळी आणि सरकारी दवाखान्यातील सिरिंज या दोन्ही वस्तू एकाच तत्त्वावर बनतात. लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची लांबलचक साखळी होते. तिला बहुवारिक म्हणजेच पॉलिमर म्हणतात. अशी साखळी खरोखर असते, हे पटवून देण्यासाठी हर्मान स्टाउडिंगर यांना अनेक वर्षे झगडावे लागले.

त्यांचा जन्म २३ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील वर्म्स येथे झाला. १९१२ पासून ते झुरिकला प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या वापराला त्यांनी उघड विरोध केला. पुढे नाझी राजवटीत हीच भूमिका त्यांच्यावर शेकली आणि त्यांची चौकशी झाली.

रबर म्हणजे लहान रेणूंचे सैलसर पुंजके, असे त्या काळचे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत. १९२० मध्ये स्टाउडिंगर यांनी वेगळे मत मांडले. इथिलीनचे उदाहरण घेऊ. त्याच्या रेणूत दोन कार्बन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्यातला एक बंध उघडला, की दोन्ही कार्बन शेजारच्या रेणूंचा हात धरू शकतात. असे हजारो रेणू जोडले गेले, की पॉलिथिन तयार होते. यात एकही अणू बाहेर पडत नाही. म्हणून याला समावेशन बहुवारिक म्हणतात.

ज्येष्ठांनी हा नाद सोडण्याचा सल्ला दिला. स्टाउडिंगर यांनी प्रयोगानेच उत्तर दिले. रबरात हायड्रोजन मिसळून त्यांनी दुहेरी बंध संपवले. पुंजके असते, तर ते सुटून साधा द्रव उरला असता. मात्र रबराचे मूळ गुण बरेचसे टिकले. साखळी पक्क्या बंधांची होती.

१९२६ मध्ये ते फ्रायबुर्गला आले आणि काम चालूच ठेवले. हळूहळू विरोध मावळला. १९५३ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ८ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या साखळीतील कार्बनचे बंध सहजी तुटत नाहीत. त्यामुळे सिरिंजमधले औषध सुरक्षित राहते. त्याच कारणाने बांधावर फेकलेली पिशवी वर्षानुवर्षे कुजत नाही. वापरलेले प्लास्टिक शेतात टाकू वा जाळू नये. ते वेगळे गोळा करावे.